कुंदाचा पौष

पौषात बागेत फुलांची चणचण असते. मोगरा गप्प, पारिजातकाचा बहर ओसरलेला. अशा वेळी कुंपणाजवळचा कुंद पांढराशुभ्र होतो. आज सकाळी पाहिलं, तर झुपक्यांच्या भाराने फांद्या पार जमिनीला टेकलेल्या. पाकळ्या निमुळत्या, त्यांच्याखाली सुईसारखी बारीक हिरवी निदलं, त्यांवर लव आणि लवेवर दव. वास मोगऱ्यासारखा धावून येत नाही. नाक जवळ न्यावं लागतं. मला तो हलका वासच जास्त आवडतो.

जागा कमी असेल तर कुंदासारखं झुडूप नाही. ऊन मात्र भरपूर हवं. सावलीत नुसती पानं माजतात. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात, म्हणून बहर संपला की हात आखडता न घेता छाटायचं. नाहीतर तो शेजारच्या तगरीवर चढलाच म्हणून समजा.

माघ शुद्ध चतुर्थी म्हणजे तिलकुंद चतुर्थी. त्या दिवशी पूजेत या फुलांचा मान, म्हणून आळीतल्या बायका परडी घेऊन येतात. येऊ देत, फुलं त्यासाठीच आहेत.

पावसाळ्यात छाट कलमं करणार आहे. जून काडी ओल्या मातीत सहज रुजते. ऊन येणारी हातभर जागा असेल, तर एक काडी जरूर लावा.