अण्णांची हिरवी फाईल

वाचकहो, आपल्याही घरात अशी एक फाईल असेल. आमच्या अण्णांची हिरवी आहे. तिची नाडी केव्हाच तुटली असून शिरूरच्या घरी ती देव्हाऱ्याखालच्या कपाटात असते. अण्णांच्या हृदयाची झडप बदलून तेथे कृत्रिम झडप बसवली, तेव्हापासूनचा प्रत्येक कागद तिच्यात आहे.

गेल्या श्रावणात अण्णा माझ्याकडे दौंडला राहायला आले होते. न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि कपाळ नळावर आपटले. जखम बोटभरही नव्हती. परंतु अण्णा वॉरफरिन घेतात. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बाहेरची जखम लहान म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी प्रथम विचारले, "गोळी किती मिलिग्रॅमची? शेवटचा आयएनआर किती होता?" अण्णांना आठवेना. आईने गोळ्या पाकिटांतून काढून वारांच्या डबीत भरून दिलेल्या. नावांची पाकिटे शिरूरलाच राहिलेली.

मी भावाला फोन केला. दहा मिनिटांत सदतीस छायाचित्रे आली. काही उलटी, काहींवर ट्यूबलाईटचा पांढरा डाग. दोन चिठ्ठ्यांवर वॉरफरिन होते, एकीवर ५ मिलिग्रॅम, दुसरीवर ३. यांतली नवी कोणती? एकीची तारीख भावाच्या अंगठ्याखाली झाकली गेली होती आणि दुसरीची मोठी करून पाहू लागताच अक्षरे विरघळत होती. डॉक्टरांनी चिठ्ठ्यांचा नाद सोडला, रक्त तपासायला घेतले आणि डोक्याचा सीटी स्कॅन करवला. सारे ठीक निघाले. मात्र अहवाल येईपर्यंतचा वेळ मी बाकावर बसून त्या दोन आकड्यांकडे पाहत काढला.

पुढच्याच रविवारी मी शिरूरला जाऊन ती फाईल उलगडली. व्हॉट्सअॅपवर कागद छायाचित्र म्हणून पाठवला की त्याचा आकार लहान केला जातो आणि बारीक अक्षरे पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा पोहोचतो, हे मला तेव्हा कळले. गूगल ड्राइव्हमध्ये कागद स्कॅन करण्याची सोय आहे. तिने कागदाच्या कडा सरळ होतात आणि अनेक पाने एकाच पीडीएफमध्ये बसतात. मी सारी फाईल स्कॅन केली नाही. आपणही करू नये. आणीबाणीच्या वेळी शंभर पाने कोण वाचणार? शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद, चालू औषधांची शेवटची चिठ्ठी, अॅलर्जीची नोंद, अलीकडचे रक्त आणि ईसीजी, एवढेच घेतले. फाईलच्या नावात अण्णांचे नाव आणि तारीख घातली, कारण 'स्कॅन १', 'स्कॅन २' यांतून रात्री दोन वाजता काहीही सापडत नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटले असे मला वाटले होते. मिटले नव्हते. त्या रात्री भावाने घाईत ती सदतीस छायाचित्रे आमच्या कुटुंबाच्या गटातही टाकली होती. गटात बेचाळीस माणसे. त्या कागदांत अण्णांच्या प्रोस्टेटचा अहवालही होता. महिन्याभराने एका साखरपुड्यात एका जावयाने भर पंगतीत आपुलकीने विचारले, "अण्णा, लघवीचा त्रास आता कसा आहे?"

अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. पण घरी आल्यावर दोन दिवस ते भावाशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आजार माझा आहे. मग कागद कुणाचे?"

भावाने छायाचित्रे काढून टाकण्याचा प्रयत्न केला. 'सर्वांसाठी हटवा' ही सोय ठरावीक मुदतीपुरतीच असते, आणि ज्यांच्या फोनमध्ये चित्रे उतरली त्यांच्याकडून ती परत येत नाहीत. मला त्याचा राग आला नाही. घाबरलेला माणूस जवळचे दार ठोठावतो. तरी अण्णांना कुणी विचारले नव्हते, हे खरेच. शासनाच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांकाला जोडलेले अहवाल रुग्णाच्या संमतीनेच डॉक्टरांना पाहता येतात. सरकारी यंत्रणेला सुचलेली ही रीत आम्हां पोटच्या मुलांना सुचली नव्हती!

आता पीडीएफ तिघांकडेच आहे: आई, भाऊ आणि मी. प्रोस्टेटचा कागद अण्णांनी वेगळा काढायला लावला. तो लागलाच तर ते स्वतः देतील. शिवाय त्यांच्या पाकिटात एक पुठ्ठ्याचा तुकडा असतो. त्यावर 'कृत्रिम झडप, वॉरफरिन' शाईने आणि डोस व तारीख पेन्सिलीने, कारण आयएनआर पाहून डोस बदलतो. गेल्या मंगळवारी त्यांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला, स्वतः त्याचे छायाचित्र काढले आणि मला एकटीला पाठवले.

तारखेवर अंगठा होता. मी पुन्हा मागवले.