आमच्या वस्तीला स्वतंत्र स्मशानभूमी कशासाठी हवी?

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. ओढ्याच्या अलीकडे गायरानातली वीस गुंठे जमीन सार्वजनिक दहन-दफनभूमी म्हणून राखून ठेवावी, तिची सरकारी मोजणी व्हावी, तिथपर्यंतचा रस्ता नकाशावर यावा आणि तिथे शेड, पाणी व दिव्याची सोय व्हावी, अशी आमची मागणी आहे. मसुदा वस्तीत फिरू लागल्यापासून दोन्ही बाजूंनी प्रश्न येत आहेत. गावातली मंडळी म्हणतात, "गाव एक आहे, मग तुम्हाला वेगळं स्मशान कशाला?" आणि आपल्याच चळवळीतले काही कार्यकर्ते विचारतात, "बाबासाहेबांनी महाडला वेगळं तळं मागितलं नव्हतं. मग तुम्ही वेगळी स्मशानभूमी मागून बहिष्कार का मान्य करता?" दोन्ही प्रश्नांना जाहीर उत्तर द्यायला हवं, म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती सांगतो. गावचं स्मशान ओढ्याच्या पलीकडे आहे. तिथे पत्र्याची शेड आहे, दहनाचा ओटा आहे, बसायला बाकं आहेत, आणि हे सगळं सरकारी पैशातून झालेलं आहे. तिथे आमची मयत न्यायची नाही, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. पण आमच्या वस्तीतली एकही मयत तिथे गेल्याचं आमच्या म्हाताऱ्यांना आठवत नाही. आमची माणसं जातात ती जुन्या वतनी जमिनीच्या एका कोपऱ्यात. हाडकी-हाडवळ्याची ती जमीन. १९५८ च्या कायद्याने महार वतनं गेली, जमिनी नावावर झाल्या, पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, कुणाच्या लग्नात तर कुणाच्या आजारपणात विकल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या जिथे आमची माणसं जळली आणि पुरली, त्या कोपऱ्याची सातबाऱ्यावर स्मशान म्हणून नोंद कधीच झाली नाही. आज तो कोपरा एका बागायतदाराच्या उसात आहे.

हा बागायतदार अडवत नाही. "आजवर कधी नाही म्हटलंय का?" असं तो विचारतो, आणि ते खरं आहे. पण दर वेळी वस्तीतल्या कुणाला तरी त्याच्या दारात जाऊन विचारावं लागतं. ऊस उभा असला की ताटी बांधावरून न्यावी लागते, चौघांना शेजारी-शेजारी खांदा देता येत नाही. मागच्या पावसाळ्यात वस्तीतली एक म्हातारी गेली, तेव्हा आम्ही सगळे होतो. वर छप्पर नाही. दहा-बारा पोरांनी ताडपत्री धरली होती. एका देहाला साधारण तीन ते चार क्विंटल लाकूड लागतं. ते सगळं भिजलेलं होतं. डिझेल संपलं, मग कुणीतरी जुने टायर आणले. रात्री उशिरापर्यंत तिची मुलं तिथेच उभी होती, कारण अर्धवट जळालेला देह सोडून घरी कसं जायचं?

हे कुणाच्या बाबतीत घडतं, तेही पाहा. गावात मयत झाली की परगावी सांगावा घेऊन धावणारा महार होता. सरणाची लाकडं फोडून वाहून नेणारा महार होता. त्याचा मोबदला म्हणून मढ्यावरचं कापड त्याला मिळायचं. आमच्या पणज्या-आज्यांनी अख्ख्या गावाच्या चितांची लाकडं वाहिली. त्यांच्या नातवंडांना स्वतःची चिता रचायला हक्काची जागा नाही. याला परंपरा म्हणायचं की अन्याय, हे वाचकांनीच ठरवावं.

आता पहिला प्रश्न. "एक गाव एक पाणवठा" ही बाबा आढावांची सत्तरच्या दशकातली चळवळ. त्यानंतर "एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान" ही घोषणाही अनेक व्यासपीठांवरून ऐकू आली. घोषणेशी आमचं भांडण नाही. म्हणूनच आमच्या ठरावाचं पहिलं कलम नव्या जागेबद्दल नाहीच. ते असं आहे: "गावची सध्याची स्मशानभूमी सर्व जाती-धर्मांच्या नागरिकांना खुली आहे, अशी ग्रामसभा घोषणा करते आणि तसा फलक ग्रामपंचायतीने तिथे लावावा." ज्यांना गाव एक आहे असं मनापासून वाटतं, त्यांनी या कलमावर सही करावी, एवढीच आमची विनंती. आज हा लेख लिहीपर्यंत वेशीच्या आतली एकही सही आलेली नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण तो आपल्या माणसांचा आहे. महाडचा इतिहास आपण नीट वाचू या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठरावही केला. तरी तळं खुलं झालं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं लढण्याची ताकद त्या पिढीने दाखवली, म्हणून आपण आज ताठ मानेने पाणी पितो.

पण मयत दहा वर्षं थांबत नाही. ती दहा तासही थांबत नाही. कायदा आमच्या बाजूने आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये स्मशान आणि दफनभूमीचा स्पष्ट उल्लेख आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने तिथे अडवणं हा गुन्हा ठरवला. पण ज्याची आई घरात झाकून ठेवली आहे, त्याने त्या दिवशी आधी पोलीस ठाण्यात जायचं का? फिर्याद, पंचनामा, बंदोबस्त, आणि त्या सगळ्यात अंगणात बसलेल्या बाया. हक्कासाठी लढायचा दिवस आपण निवडायचा असतो, मरण तो दिवस निवडून देत नाही. तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यात २०१९ साली एका दलिताचा मृतदेह पुलावरून दोराने खाली सोडावा लागला, कारण स्मशानाकडची वाट शेतमालकांनी अडवली होती. त्या लोकांच्याही बाजूने हेच संविधान होतं. हाताशी नव्हता तो रस्ता.

म्हणून आमची भूमिका अशी. सध्याच्या स्मशानावरचा हक्क आम्ही सोडत नाही, तो ठरावात लिहून मागतो. आणि त्याच वेळी कुणाच्या परवानगीवर, कुणाच्या बांधावर, कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसलेली जागा मागतो. स्वतंत्र या शब्दाचा आम्ही घेतलेला अर्थ एवढाच आहे.

याच कारणाने नव्या जागेच्या नावाबद्दल आम्ही हट्ट धरला आहे. वस्तीतल्या काही तरुणांना तिथे "बौद्ध स्मशानभूमी" असा फलक हवा होता. वस्ती-विकासाच्या निधीतून काम लवकर होईल, असंही काहींनी सुचवलं. आम्ही दोन्हीला नाही म्हणालो. सरकारी कागदावर जातीचं किंवा वस्तीचं नाव एकदा चढलं की ते उतरत नाही. उद्या गावातले लोक त्याच कागदाकडे बोट दाखवून म्हणतील, "तुमचं तिकडे आहे ना!" म्हणून नोंद "सार्वजनिक दहन-दफनभूमी" अशीच हवी आणि निधी ग्रामपंचायतीच्या जनसुविधेच्या अनुदानातून हवा. ओढ्याच्या अलीकडे आमच्याशिवाय मातंग वस्ती आहे, धनगरांची चार घरं आहेत, माळावर पारध्यांची पालं आहेत. पारध्याला तर जिवंतपणी पाल ठोकायला जागा मिळत नाही, मेल्यावर कोण देणार? या सगळ्यांना ही जागा तितकीच हक्काची असेल. पावसाळ्यात ओढ्याला पूर आल्यावर पलीकडच्या स्मशानात जाता येत नाही. त्या दिवशी पाटलाच्या घरची मयत आली तरी ती इथे आडवली जाणार नाही. तिथे त्रिसरण-पंचशील होईल, दुसऱ्या कुणाचे मंत्र होतील, कुणी काहीच म्हणणार नाही. लाकडाचा साठा आणि साफसफाई पाहायला सर्व वस्त्यांची मिळून समिती राहील.

गायरान का, असंही विचारतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे गावातली सरकारी जमीन दहन किंवा दफनभूमीसाठी राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गायरान वळवायचं तर सार्वजनिक प्रयोजन दाखवावं लागतं, आणि स्मशानापेक्षा सार्वजनिक प्रयोजन कोणतं असतं? आम्ही मागितलेल्या तुकड्यापैकी पाच गुंठे आपल्याच एका भूमिहीन कुटुंबाच्या वहितीत होते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या वस्तीत अशी जमीन सोडायला सांगणं सोपं नव्हतं. त्या घरातल्या माउलीने भर बैठकीत सांगितलं, "माझी ज्वारी दुसरीकडं पेरीन, पण माणसं टायरवर जाळू नका." त्या कुटुंबाच्या उरलेल्या वहितीची नोंद व्हावी, हे आमच्या ठरावाचं शेवटचं कलम आहे, आणि त्यावर आम्ही तडजोड करणार नाही.

वाचणाऱ्या सर्व बांधवांना आमचं एक सांगणं आहे. आपल्या गावातली मयत जिथे जाते, त्या जागेचा गट नंबर शोधा आणि सातबारा काढा. मालक कोण आहे ते पाहा, इतर हक्कात स्मशानाची नोंद आहे का ते पाहा, रस्ता गावनकाशात आहे का ते पाहा. नसेल तर घरात कुणी आजारी नसताना, सगळे धडधाकट असतानाच अर्ज द्या. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठराव लिहिला गेला की नाही, हे स्वतः वाचून सही करा आणि प्रत मागून घ्या. तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी अशा प्रत्येक टेबलावर पोच घ्या.

२ ऑक्टोबरला ठराव मंजूर झाला तर मोजणीची फी भरण्यासाठी वर्गणी तयार आहे. नामंजूर झाला, तर नामंजुरीचं कारण आम्ही लेखी मागणार आहोत. ग्रामसभा सकाळी दहाला आहे. ओढ्याच्या अलीकडच्या प्रत्येक घरातून बायामाणसांसह यावं.

जय भीम!