चाकाचे गाऱ्हाणे

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्र म्हटले की आमची दृष्टी आपोआप दुसरीकडे वळते. वृत्तातील एक मात्रा चुकली तरी आमच्या कानास ती तत्काळ खटकते, याचा मात्र आम्हांस थोडा अभिमान होता. तो अभिमान सिमरोळच्या घाटाच्या तोंडाशी उतरला. ती हकीकत विद्यार्थिमित्रांस सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात बेचाळीस मुलामुलींस घेऊन आम्ही इंदुराहून ओंकारेश्वरास सहलीला निघालो होतो. भाड्याची बस, मागच्या बाकांवर भेंड्यांचा कल्लोळ. सिमरोळ मागे पडले, आणि घाट लागण्यापूर्वीच चालकाने गाडी कडेला घेतली. आम्ही जरा रागानेच कारण विचारले. "मास्टरसाब, पहिया रो रहा है," एवढेच तो म्हणाला. आम्हांस काहीही ऐकू आले नव्हते. "उशीर होतो आहे, घाट उतरल्यावर पाहा," असा आम्ही आग्रह धरला. तो वृद्ध गृहस्थ जागचा हलला नाही. त्याने आम्हांस खाली नेऊन पुढच्या डाव्या चाकाच्या तुंब्याजवळ हात धरावयास लावला. बोटभर अंतरावरूनच झळ लागली. उजव्या चाकाचा तुंबा मात्र नुसता कोमट होता.

चाक उतरविल्यावर आतले बेअरिंग दिसले. त्याचे रोलर तापून निळेकाळे पडले होते; त्यांवर खड्डे पडले होते. त्या स्थितीत आम्ही घाट उतरलो असतो तर काय झाले असते, हा विचार आजही मनात आला की अंगावर काटा येतो.

महूहून मिस्त्री येईपर्यंत दोन तास गेले. त्या अवधीत चालक हाच आमचा शिक्षक झाला, आणि पुढे जिज्ञासेने आम्ही काही ग्रंथही चाळले. स्थिर भाग आणि फिरता भाग यांच्यामध्ये राहून भार सोसावयाचा, परंतु घर्षण वाढू द्यावयाचे नाही, हे बेअरिंगचे कार्य. विश्वकोशात त्यास 'धारवा' असे सुंदर नाव आहे. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे पेटंट घेतले. १८६९ मध्ये पॅरिसच्या सुरिरे या कारागिराने ते सायकलीस लावले. आपल्या सायकलीच्या चाकातले छर्रे ते हेच! गोळी पृष्ठभागास केवळ बिंदूपाशी टेकते, म्हणून ती हलकेपणाने फिरते, पण फार मोठा भार तिला पेलत नाही. लाटण्यासारखा रोलर रेषेवर टेकतो, म्हणून तो अधिक ओझे वाहतो. बस वळताना चाकावर आडवा रेटाही येतो. त्यासाठी निमुळत्या रोलरांची योजना असते. हेन्री टिमकेन याने तिचे पेटंट १८९८ मध्ये घेतले. जहाजात पंख्याचा सारा रेटा ज्यातून सांगाड्यास पोचतो, तो धारवा आणखी निराळा; तेथे तेलाचा पातळ थरच भार उचलून धरतो.

दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि खंडव्याहून इंदुरास आगगाडी आली, हे आपण इतिहासात वाचतो. त्या काळच्या डब्यांस रोलर नव्हते. दांड्यावर मऊ धातूचे अस्तर दिलेली पितळी वाटी आणि खाली तेलात भिजविलेला सुताचा बोळा, एवढीच सामग्री असे. तेल आटले की अक्षपेटी तापे. वेळी दांडाही तुटे. आज मालगाडीच्या वाघिणींस निमुळत्या रोलरांचे बंदिस्त धारवे असतात. तरीही स्थानकात गाडी येताच कर्मचारी त्यांचे तापमान पाहतात. कित्येक ठिकाणी तर रुळांशेजारी बसविलेली यंत्रे धावत्या चाकांचा आवाज ऐकून दोष ओळखतात. म्हणजे आमच्या त्या चालकाच्या कानांनी जे केले, तेच!

आमचे घर मूळचे कोकणातले, बोली कोकणी. आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाची करटी टांगलेली असे. चाक करकरले की ते खाली उतरून वंगण घालीत आणि म्हणत, "तें मागता." तेव्हा आम्ही हसत असू. मालव्यातला चालक आणि कोकणातले आमचे आजोबा यांची कधी भेट झाली नाही; पण दोघांची विद्या एकच होती.

ओंकारेश्वरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. परतताना आम्ही सर्व मुलांदेखत चालकाची क्षमा मागितली. तो संकोचला. "बच्चे मेरे भी हैं," असे म्हणून त्याने गाडी सुरू केली.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. एरवी हसरा असणारा विद्यार्थी गप्प राहू लागला, की धडा पुढे रेटण्याची घाई आम्ही करीत नाही. मधल्या सुटीत त्याला जवळ बोलावतो. चाक मोडण्यापूर्वी कण्हते. माणसाचेही तसेच असते. ते ऐकावयास कोणी तरी थांबले पाहिजे.