सेऊलच्या डोंगरावरचा निरोप

मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने दोन महिने दक्षिण कोरियात राहण्याचा योग आला. सेऊलमधले राजवाडे पाहून झाले, बाजार पालथे घालून झाले. एका रविवारी सून म्हणाली, "आई, आज तुम्हाला डोंगरावरचं एक देऊळ दाखवते. पण तिथे रडारड चालू असली तर घाबरू नका हं!"

तिची एक कोरियन मैत्रीणही आमच्याबरोबर आली. भुयारी रेल्वेच्या तीन नंबरच्या मार्गावर दोंगनिममुन नावाचे स्टेशन आहे. जवळच १८९७ साली पूर्ण झालेली दगडी स्वातंत्र्य कमान दिसते. तिथून उंच इमारतींमधून एक खडा चढ सुरू होतो. धापा टाकत वर गेलो आणि शहर एकदम मागे पडले. हाच ३३८ मीटर उंचीचा इनवांगसान डोंगर. वाटेत लहान लहान बौद्ध मंदिरे लागतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला गुकसादांग हे साधेसे लाकडी देऊळ आहे.

हे देऊळ मूळचे इथले नव्हे. पूर्वी ते शहराच्या दक्षिणेकडील नामसान डोंगरावर होते. तिथे जपानी राज्यकर्त्यांनी आपले शिंतो देवालय उभारले, तेव्हा १९२५ साली ते उचलून इथे आणावे लागले. थोडे वर चढले की 'सनबावी' नावाचा खडक आहे. वारापावसाने झिजून त्याला असा आकार आला आहे की, अंगभर वस्त्र पांघरून दोन भिक्षू उभे आहेत असेच वाटावे. मूल व्हावे म्हणून बायका पिढ्यान् पिढ्या इथे हात जोडत आल्या आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा देवळातून ढोल आणि झांजांचा आवाज येत होता. आत 'गुत' चालू होता. गुत म्हणजे देवांना आणि मृतात्म्यांना बोलावण्याचा विधी. तो करणारी ती मुदांग. मुदांग बहुतेक स्त्रियाच असतात. जगभर ज्यांना शमन म्हणतात, त्यांच्यातलाच हा एक प्रकार. आधी एखादीला न कळणारा आजार जडतो, मग तो देवाचा कौल मानून ती दीक्षा घेते. आपल्याकडे अंगात येणे पाहिलेल्यांना हे फारसे परके वाटणार नाही.

दारापासून जरा दूर उभे राहून आम्ही पाहत होतो. मैत्रीण हलक्या आवाजात सांगत होती, "या घरातले वडील गेले आहेत. त्यांना वाटेला लावण्यासाठी हा गुत आहे." मुदांगने वडिलांच्या वतीने बोलायला सुरुवात केली. कुणाला रागावली, कुणाची विचारपूस केली. सुटाबुटातला चाळिशीचा मुलगा तिचे हात धरून हमसाहमशी रडू लागला. शेवटी लांबच लांब कापड ताणून धरले गेले. मुदांग ते आपल्या अंगाने टरटर फाडत मधून चालत गेली. गेलेल्या माणसाची वाट मोकळी झाली!

माझे डोळे कधी भरून आले, कळलेच नाही. आमच्या घरी 'हे' गेले, तेव्हा रजा संपत आल्या म्हणून तेराव्याचे सगळे चौथ्या दिवशीच उरकले होते. सगळे कसे शिस्तीत झाले. पण मुलगा माझ्यासमोर एकदाही रडला नाही, आणि त्याच्यासमोर मीही नाही.

उतरताना मैत्रिणीने बरेच काही सांगितले. १९७० च्या दशकात सरकारच्या ग्रामसुधार मोहिमेत या विधींना अंधश्रद्धा ठरवून ते दडपण्यात आले. मग काळ पालटला. १९८५ मध्ये किम कुम-ह्वा (१९३१-२०१९) या मुदांगला तिच्या किनारपट्टीच्या विधींसाठी सरकारने राष्ट्रीय वारशाची जतनकर्ती म्हणून मान दिला. २००९ मध्ये जेजू बेटावरचा गुत युनेस्कोच्या यादीत गेला. आता तर मुदांग यूट्यूबवरही भेटतात. नवी मोटार घेतली किंवा सिनेमाचे चित्रीकरण सुरू झाले की डुकराचे मुंडके मांडून, तांदळाची दारू शिंपडून पूजा करणारेही आहेत. आपण चाकाखाली लिंबू ठेवतो, तसेच हे!

"पण खर्च?" मी व्यवहारी प्रश्न विचारला. ती हसली. मोठ्या गुतचा खर्च लाखो वोनमध्ये जातो. 'केला नाहीत तर संकट येईल' अशी भीती घालून लुबाडणारेही आहेत. आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशाच अनुभवांतून. आजारी माणसाला डॉक्टरकडेच न्यायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरी त्या कापडाचा आवाज कानातून जाईना. त्या मुदांगच्या तोंडून खरेच वडील बोलले असे मला वाटत नाही. पण त्या मुलाला दिवसभर सगळ्यांसमोर रडायची मुभा मिळाली आणि मनातले बोलायला कुणीतरी समोर मिळाले, हे मी डोळ्यांनी पाहिले होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी टीव्ही बंद केला. ह्यांचा फोटो टेबलावर ठेवला, शेजारी त्यांच्या आवडीचा आल्याचा चहा. "आज बाबांशी जे बोलायचं राहिलंय ते बोलायचं," मी म्हटले. थोडा वेळ कुणीच बोलेना. मग मुलगा म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुमचा फोन मी उचलला नव्हता..." आणि पुढे त्याला बोलवेना.

मी त्याला जवळ घेतले. चहा केव्हाच गार झाला होता.