पिछाडीची खोली

१२ मार्च, पुणे

अलास्काचं नक्की झालं. जूनमध्ये व्हँकुव्हरहून निघायचं आणि व्हँकुव्हरलाच परतायचं. लेक-जावई बर्नाबीत राहतात, आधी चार दिवस त्यांच्याकडे. जहाजही ठरलं आहे, आता ठरायची आहे ती खोली. जावयांनी मजल्यांचे नकाशे पाठवले, ते छापून जेवणाच्या टेबलावर पसरले. दोन्ही अंगांना गॅलरीवाल्या खोल्यांची लांबच लांब रांग. अगदी शेवटी, जिथे जहाज संपतं, तिथे आडव्या ओळीत मोजक्याच खोल्या. त्यांच्या गॅलऱ्या मागे उघडतात. माझं बोट तिथेच थांबलं.

यांच्या गुडघ्यामुळे किनाऱ्यावर फारशी भटकंती व्हायची नाही. म्हणजे निम्मा प्रवास आम्ही गॅलरीत बसूनच करणार. तेव्हा ती निवडताना घाई करायची नाही.

१५ मार्च

व्हिडिओ कॉलवर तासभर बोलणं झालं. जावई म्हणाले, "आई, खोली मधल्या भागातली घ्या." त्यांनी फूटपट्टी बोटावर मधोमध तोलून दाखवली. लाटेवर जहाज पुढेमागे डोलतं तेव्हा मध्य जवळपास जागेवर राहतो, सगळ्यात जास्त वरखाली होतात ती दोन टोकं. शिवाय पिछाडीला प्रोपेलर पायाखाली. धक्क्याला लागताना खोली थरथरते. दोन्ही मुद्दे खरेच आहेत, आणि त्यांची काळजीही खरी आहे.

पण माझं म्हणणं असं. हा मार्ग बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधून जातो, डोंगर दोन्ही हातांना. बाजूच्या गॅलरीतून एकच किनारा दिसणार, आणि मग उजवी घ्यावी की डावी, हा घोळ. मागच्या गॅलरीतून दोन्ही किनारे दिसतात. दुसरी गोष्ट वाऱ्याची. जहाज चालू असताना समोरचा वारा बाजूच्या गॅलऱ्यांत घुसतो. मागच्या गॅलरीला अख्ख्या जहाजाचा आडोसा असतो. अलास्कात जूनमध्येही हवा गारच असते, यांना वारा सोसत नाही. आडोसा असेल तर हे माझ्याबरोबर बाहेर बसतील. मला तेच हवं आहे.

१६ मार्च

आज नकाशे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. आपल्या खोलीच्या वर काय आणि खाली काय, हे असंच कळतं. सगळ्यात वरच्या ओळीच्या डोक्यावर खाण्याचा हॉल आहे. तिथे पहाटेपासून खुर्च्या ओढल्या जाणार. धुराडंही मागच्या अंगालाच, काजळी आधी त्याच मजल्यावर पडणार. खालच्या दोन मजल्यांवर गॅलऱ्या चांगल्या ऐसपैस आहेत, कारण पिछाडी पायऱ्यापायऱ्यांनी उतरती आहे. पण तिथे डोक्यावर पुरतं छप्पर नाही, आणि वरच्या सगळ्या मजल्यांवरून आपलं ताट दिसणार. अगदी कोपऱ्यातल्या खोल्यांची गॅलरी बाजूला वळून दोन दिशांना उघडते, पण भाडं आमच्या आवाक्याबाहेरचं.

मधला मजला घेतला. वर खोल्या, खाली खोल्या. मागची लिफ्ट दारापासून जवळ, आणि तीच लिफ्ट खाली मुख्य भोजनगृहापाशी उतरते. यांच्या गुडघ्याच्या हिशेबाने हे सगळ्यात महत्त्वाचं. कंपनी देईल ती खोली घ्यायची तयारी असेल तर भाडं कमी पडतं. ते मी घेतलं नाही. खोलीचा क्रमांक पाहून, तोच हवा असं सांगून पैसे भरले.

१ जून, व्हँकुव्हर

कॅनडा प्लेसच्या पांढऱ्या शिडांच्या छपराखालून दुपारी जहाजावर चढलो. खोलीपर्यंतचा कॉरिडॉर लांब असतो असं ऐकलं होतं. मागच्या लिफ्टने आल्यामुळे हे न थांबता पोचले.

जहाज सुटलं तेव्हा बहुतेक मंडळी पुढच्या डेकवर गेली. आम्ही गॅलरीतच बसलो. स्टॅन्ली पार्कची झाडी सरली, आणि लायन्स गेट पूल एकदम डोक्यावर आला. हा १९३८ सालचा पूल. पाण्यापासून सुमारे ६१ मीटर उंच, त्याहून उंच जहाजाला या बंदरात शिरता येत नाही. पुढच्या डेकवरच्यांच्या डोक्यावरून तो क्षणात निघून गेला असेल. आमच्या समोर तो नंतर बराच वेळ उभा होता, मागे सगळं शहर, उतरतं ऊन, दोऱ्यांच्या दोन कमानी. यांनी चहा गार होऊ दिला, असं सहसा होत नाही.

२ जून, समुद्रात

रात्री झोपेतच सेमूर नॅरोज ही अरुंद सामुद्रधुनी ओलांडली. तिथल्या रिपल रॉक नावाच्या पाण्याखालच्या खडकाने कितीतरी जहाजं फोडली होती. १९५८ च्या एप्रिलमध्ये खालून बोगदा खणून, सुरुंग भरून तो उडवला.

सकाळी जावयांची फूटपट्टी आठवली. व्हँकुव्हर बेटाचा आडोसा संपला की क्वीन शार्लट साउंडमध्ये पॅसिफिकच्या लाटा थेट आत येतात. पलंगाचा पायथा हळूच वर जाई, क्षणभर थांबे, मग खाली. टेबलावरचा पेला दोन बोटं सरकला. यांनी आल्याचा तुकडा तोंडात धरला आणि पडून राहिले. मी गॅलरीत येऊन क्षितिजावर नजर रोवली, तर मला मुळीच त्रास झाला नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र हा त्रास हलक्यात घेऊ नये. माझी आजी मुंबईहून कोकणबोटीने वेंगुर्ल्याला यायची, भर पाण्यात पडावात उतरायची. दिवसभर तिने काही खाल्लेलं नसे.

दुपारनंतर पाणी निवलं. हे बाहेर आले आणि त्यांच्यातला पदार्थविज्ञानाचा मास्तर जागा झाला. मागे फेसाचा सरळ पट्टा, मधोमध हिरवट निळा, कडांना पांढरा. त्याच्या दोन्ही अंगांना लाटांची दोन तिरकी शेपटं पसरत जाणारी. त्यांनी मेनूकार्डाची घडी घातली, पुन्हा दुमडली, पंचेचाळीस अंशांचा कोपरा केला आणि डोळ्यासमोर धरला. शेपटांमधला कोन त्याहून थोडा कमी भरला. "एकोणचाळीस," हे म्हणाले. लॉर्ड केल्विनने १८८७ मध्ये हे गणिताने दाखवलं. पाणी खोल असेल तर बदक पोहो की जहाज जावो, कोन साधारण तोच. चाळीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती आज त्यांच्यासमोर समुद्रभर पसरली होती. बाजूच्या गॅलरीतून हिची एकच कड दिसली असती.

३ जून, जूनो

पहाटे थरथर झाली. पिछाडी धक्क्याकडे ढकलताना यंत्रांचा जोर वाढतो, न्हाणीघरातल्या पेल्यातले ब्रश खुळखुळू लागतात. दहा-पंधरा मिनिटं. आम्ही एरवीही पाचला उठतो, म्हणून काही बिघडलं नाही. उशिरापर्यंत झोपणाऱ्यांची झोप मात्र मोडेल.

जूनो अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे एकही रस्ता येत नाही. जहाज नाहीतर विमान. रात्री दहालाही उजेड होता.

४ जून, स्कॅग्वे

१८९७-९८ मध्ये सोन्यासाठी माणसं इथूनच घाट चढली. १९०० मध्ये पुरी झालेली अरुंद रेल्वे आता प्रवाशांना तो घाट दाखवते. बसून बघायचं असल्यामुळे यांना जमलं. संध्याकाळी लिन कॅनालमधून परत निघालो. नाव कॅनाल, प्रत्यक्षात हिमनदीने कोरलेली खोल खाडी. दोन्ही कडांना बर्फाचे डोंगर, दोन्ही आमच्या समोर. गॅलरीची खुर्ची ओल्या फडक्याने पुसली तर फडकं काळं झालं. मधल्या मजल्यावरही थोडी काजळी येतेच. हलक्या रंगाचे कपडे घालून बसू नये.

५ जून, ग्लेशियर बे

आजच्या दिवसासाठी खोली घेतली होती, असं म्हटलं तरी चालेल.

सकाळी इथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढले. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना इथे परवानगी असते. आत जाताना पुढच्या डेकवर गर्दी, आमच्यासमोर फक्त मागे पडणारी खाडी. मार्जरी हिमनदी गाठली तेव्हाही ती नाळेसमोर, आम्हाला दिसेना. हे अस्वस्थ झाले. मग जहाज जागच्या जागी हळूहळू फिरू लागलं. सगळ्या बाजूंना दिसावं म्हणून ते असं फिरवतात. आधी पाण्यावर बर्फाची ढेकळं आली, मग निळी कड, आणि पाहता पाहता गॅलरीची अख्खी चौकट भरली. दीड किलोमीटरभर रुंद, पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच. एक कडा सुटून खाली आला, अगदी निःशब्द. पाणी उसळलं आणि त्यानंतर गडगडाट कानावर आला. त्या अवधीवरून यांनी लगेच अंतर काढलं.

परतीचा प्रवास पूर्ण आमचा होता. १७९४ मध्ये कप्तान व्हँकुव्हरच्या मोहिमेला ही खाडी जवळजवळ तोंडाशीच बर्फाने बंद दिसली. १८७९ मध्ये निसर्गतज्ज्ञ जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ कितीतरी मागे हटला होता. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावरून बाहेर पडत होतो, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता. आधी उघडे खडक, मग खुरटी झुडपं, मग उंच स्प्रूस. तोंडाकडची जमीन आधी मोकळी झाली, म्हणून तिथे अरण्य जुनं. बर्फ वाढत आला तेव्हा हूना त्लिंगिट लोकांना इथली गावं सोडावी लागली होती. २०१६ मध्ये खाडीतल्याच बार्टलेट कोव्हला त्यांचं कुळांचं घर पुन्हा उभं राहिलं. हे सगळं रेंजर ध्वनिक्षेपकावर सांगत होती, आणि तिच्या शब्दागणिक तो प्रदेश समोर उलगडत होता. जेवायलाही आम्ही उठलो नाही.

६ जून, केचिकन

पाऊस. इथे वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पडतो. आमची गॅलरी कोरडी. खालच्या मजल्यावरची मोठ्या गॅलरीतली मंडळी आत बसलेली.

७ जून, परतीच्या वाटेवर

पुण्याहून मैत्रिणीने विचारलं आहे, ऑगस्टसाठी कुठली खोली घेऊ? तिला लिहिलं ते असं. बोट लागत असेल, किंवा सकाळी आठपर्यंत झोपायची सवय असेल, तर मध्यभागीच घे, दुसरा विचार करू नकोस. नुसतं निजायला खोली हवी असेल तर गॅलरीवर पैसे घालवू नकोस. पण तास न् तास बसून पाहायची आवड असेल, आणि बरोबरच्या माणसाला फार चालवत नसेल, तर पिछाडीच घे. मधला मजला, वर-खाली खोल्या, मागच्या लिफ्टजवळ. क्रमांक निवडूनच घे, आणि या आठवड्यातच घे. या खोल्या थोड्या असतात आणि आधी संपतात.