मोहाखालचा मुक्काम

वाचकहो, चैत्रात मुलचेऱ्याकडे कधी आलात का? १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे, आता तो गडचिरोलीत आहे. गोंडपिपरीकडून वैनगंगा ओलांडून आष्टीला आले, की पुढे साग, ऐन, तेंदू आणि मोह यांची सोबत सुटत नाही. सागाची पाने झडलेली, पळस मात्र पेटलेला.

रस्त्याकडेला जागोजाग तीन काळवंडलेले दगड दिसतील. ते मोह वेचणाऱ्यांचे मुक्काम. मोहफूल पहाटे गळते आणि ऊन चढण्याआधी वेचावे लागते. म्हणून गाव लांब असले की माणसे रानातच रात्र काढतात. पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत हातभर झिरा खणतात, पहिले गढूळ पाणी उपसून टाकतात आणि निवळलेले भरतात. ते उकळून प्या म्हटले की मंडळी हसतात. मी सांगतोच. निजायचे मात्र झाडापासून दूर, कारण फुलांवर अस्वलाचाही हक्क असतो!

नोकरीत नवा असताना मातीचे नमुने घेऊन परतताना अशाच एका चुलीवर आम्ही चहा केला. निखाऱ्यांवर मूठभर माती टाकून निघालो. दुपारचा वारा सुटला. परत येऊन पाहतो तो पाचोळा पेटलेला आणि आग एका शेतकऱ्याच्या तणसाच्या ढिगापर्यंत पोचलेली. मोह वेचणारी एक म्हातारी आणि तिची मुले पळसाच्या ओल्या फांद्यांनी ती झोडपत होती. पैसे मी भरून दिले, पण दोन बैलांची उन्हाळ्याची वैरण गेली. ऐन चैत्रात दुसरे तणस आणायचे कोठून?

फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची रीत इकडे आहे. त्यात मोहाची कोवळी रोपे जळतात. म्हणून जुनी झाडे पुष्कळ, नवी थोडी. त्यापेक्षा पाला झाडून काढावा, खाली जुने लुगडे किंवा जाळी पसरावी. फुलेही स्वच्छ मिळतात, भाव बरा येतो.

आता मुक्कामाचे दिवस पूर्वीसारखे नाहीत. वाघ आहेतच, २०२१ पासून रानहत्तीही जिल्ह्यात आले आहेत. तेव्हा हौसेने उघड्यावर निजू नका. गावात किंवा वनरक्षकाला विचारा. दिवसा चूल पेटवलीत तर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. मग हात लावून पाहा. ती म्हातारी पुढे कित्येक वर्षे मला भेटली की आधी हेच विचारी, "साहेब, राखेत हात घातला का?"