गोआलंदोच्या बोटीवरची कोंबडी

१८७१ मध्ये कलकत्त्याहून निघालेली रेल्वे पद्मा नदीकाठच्या गोआलंदोला पोचली. ढाक्याचे प्रवासी तिथे उतरून नारायणगंजची स्टीमर पकडत. त्या बोटींवर खलाशी स्वतःसाठी जी कोंबडी रांधत, तिच्या वासाने प्रवासीही ती मागू लागले, असं सांगतात. कांदा, लसूण, आलं, सुक्या मिरच्या, हळद, मोहरीचं तेल आणि वाटलेली सुकट कोंबडीला चोळायची, मुरू द्यायची आणि झाकण घालून मंद आचेवर ठेवायची. पाण्याचा थेंब नाही. आता हॉटेलांत तिच्यात टोमॅटो आणि गरम मसाला पडलेला दिसतो, आणि मला वाईट वाटतं. कारण तिची चव बोटीवरच्या जागेने घडवली आहे. हलत्या फळीवर पातळ रस्सा हिंदकळतो, आणि कामाच्या माणसाला कांदा परतत उभं राहायला सवड नसते. झाकलेल्या भांड्यात कांदा आपलं पाणी सोडतो, त्यातच मांस शिजतं. सुकटीचं काम कोकणात वेगळं सांगायला नको. वांग्यात मूठभर सोडे घातले की काय होतं ते आपल्या जिभेला ठाऊक आहे. सुकटीतलं ग्लुटामेट आणि मांसातलं इनोसिनेट एकत्र आलं की दोन्हींची चव कितीतरी पटींनी वाढते.

कुणी म्हणेल, नदीवरच्या वाऱ्याने भूक लागली की काहीही गोड लागतं. खरं आहे, पण भूक साऱ्याच पदार्थांची चव वाढवते. एकाच पदार्थाची आठवण पिढ्यानपिढ्या का टिकावी, हे तिने उलगडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खलाशी गरीब होते, मसाला परवडला असता तर त्यांनीही घातला असता, मग आपण त्यांच्या नाइलाजाला कला का म्हणावं? जिन्नस नाइलाजाने निवडले असतील, पण सुकट किती, आच किती, झाकण कधी काढायचं, हे हातानेच शिकावं लागतं. सिल्हेटकडच्या खलाशांनी पुढे ब्रिटनमध्ये हॉटेलं काढली. तिथे गिऱ्हाईक टेबलावर खोळंबलेलं, म्हणून आधीच शिजवून ठेवलेली ग्रेव्ही आली. मुलूख तोच, पण चूल बदलली तशी रीत बदलली, आणि तीही तितक्याच कसबाची. टोमॅटोला माझा विरोध एवढ्यासाठीच, की त्याचा आंबटपणा सुकटीला झाकून टाकतो.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात फाळणीच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या गाड्या थांबल्या, कलकत्त्याकडून बोटीपर्यंत जायची वाट बुजली. ही कोंबडी घराघरांत राहिली, दर घरी थोडी निराळी. रांधायची असेल तर जाड बुडाचं भांडं घ्या आणि पहिला अर्धा तास झाकणाला हात लावू नका.